मुहूर्त नसलेले महिने

आमच्या घरात वर्षाचे दोनच भाग होते, मुहूर्ताचा आणि बिनमुहूर्ताचा. उन्हाळा, पावसाळा, परीक्षा, सुट्ट्या हे सगळं बाकीच्यांच्या घरी. लातुरात गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर अप्पांचं मंगल कार्यालय होतं आणि त्याच्या पाठीला चिकटलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. अप्पा म्हणजे माझे वडील, अव्वा म्हणजे आई. आमच्या लिंगायत घरांत अशीच हाक मारतात. मोठी बहीण शैला, तिला मी अक्का म्हणायचे, आणि शेंडेफळ मी, नंदा. तुळशीचं लग्न लागलं की भिंतीपलीकडं सनई सुरू व्हायची, ती आषाढी एकादशीपर्यंत थांबायचं नाव घ्यायची नाही. त्या दिवसांत आम्ही बहिणी लोकांच्या लग्नांत जेवून मोठ्या झालो. येसरची आमटी, वांग्याची भाजी, बुंदी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर पुन्हा बुंदी. शाळेची कविता पाठ करायला बसावं तर मंगलाष्टकं पाठ व्हायची. आजही कुणाचं लांबलचक भाषण ऐकत बसले की मधेच 'सावधान' म्हणावंसं वाटतं.

मग आषाढात एके सकाळी जाग यायची ती शांततेनं. आचारी गावाकडं गेलेले, मोठाले हंडे आणि पराती परसात उपड्या घातलेल्या, खुर्च्या एकात एक बसवून भिंतीशी उभ्या केलेल्या. गाद्यांची उंच चळत हॉलच्या कोपऱ्यात लागायची आणि दुपारी मी नि अक्का तिच्यावर चढून पडायचो. वरच्या झरोक्यांना अप्पांनी रंगीत काचा बसवल्या होत्या. ऊन आलं की शहाबादी फरशीवर लाल, हिरवे, पिवळे चौकोन पडायचे आणि ढग आला की विझायचे. गंजगोलाईच्या बाजारातल्या डाळमिलचा घुमारा दिवसभर यायचा, इतका सारखा की तो थांबला तरच ऐकू येई. हवेत अजून उन्हाळ्यातल्या अत्तराचा आणि तुपाचा वास असायचा. मी अर्धवट झोपेत असायचे. अक्का डोळे उघडे ठेवून स्वप्न बघणाऱ्यांतली. एकदा तिथं पडल्यापडल्या ती म्हणाली, "नंदे, आपल्याकडं पारवे जास्त हायत अन् कोनाडे कमी. सगळे हितंच झोपत्यात. म्हंजे कुठल्या तरी एका कोनाड्यात दोघं तरी असणारच. मी न बघता सांगते." मी म्हटलं, "बघून ये की मग." ती म्हणाली, "बघायचं कामच न्हाई, तीच तर गंमत हाय." मला त्यात काही गंमत दिसली नाही. मी कूस बदलली आणि झोपले.

हे न बघता सांगणं अक्का कॉलेजात तिच्या गणिताच्या सरांजवळ बोलली आणि सर दुसऱ्याच दिवशी सायकलवरून आमचे पारवे बघायला आले. यूसुफ सर मूळचे बिलोलीचे, नोकरीसाठी लातुरात भाड्याच्या खोलीत राहणारे. उंच, किंचित वाकलेले, आणि खिशात सदा खडू, त्यामुळं त्यांच्या सगळ्या पँटींचे खिसे पांढरे. सुट्टीच्या दिवशी ते कधी नांदेडला, कधी मुदखेडला, कधी भोकरच्या एखाद्या शाळेत गणितावर बोलायला जायचे. कुणी बोलावलं म्हणून नव्हे. हेडमास्तरांना गळ घालून, वर्ग मिळाला नाही तर झाडाखाली. लातुरात मात्र त्यांना जागा मिळत नव्हती. ते हॉलच्या मधोमध उभे राहिले, एक टाळी वाजवली, तिचा घुमणारा आवाज संपेपर्यंत ऐकला आणि अप्पांकडं वळले.

"चार महिने हा रिकामाच पडून राहतो काय हो?"

"रिकामा न्हाई सर," अप्पा म्हणाले. "झोपलाय."

"मग रविवारचं जरा उठवू या की. पोरं गोळा करतो मी. गणित करू."

"हिसाब शिकवणार?"

"हिसाब न्हाई हो अप्पा. हिसाब तर दुकानदार बी करतो. गणित म्हंजे झगडा. एकानं एक गोष्ट बोलायची, दुसऱ्यानं म्हणायचं, न्हाई पटत. मग त्याला पटवायचं. जबरदस्ती न्हाई, आवाज चढवायचा न्हाई. पटलं की झगडा खतम."

वरपक्ष आणि वधुपक्ष यांच्यातले इतके झगडे अप्पांनी त्या हॉलात मिटवले होते की हा उद्योग त्यांना ओळखीचाच वाटला. "या मग," ते म्हणाले. "पर तुळशीच्या लग्नाला हॉल मोकळा पाहिजे. दिलेली तारीख मी मोडत नसतो."

तो पहिला चातुर्मास आठवला की सगळं मला त्या रंगीत काचांतून आलेल्या उजेडात दिसतं. औशाहून, मुरूडहून, निलंग्याहून पोरं यायची, एसटीनं, डोक्याला तेल चोपडलेली, पहिल्या दिवशी एकमेकांना चिकटून बसलेली. सरांकडं सामान काही नव्हतं, म्हणून त्यांनी लग्नाचंच सामान काढलं. पराती उपड्या घालून मांडवाच्या दोरीनं त्यांचा घेर मोजायचा, मग तीच दोरी आडवी धरायची. परात लहान असो की मोठी, आडवी दोरी घेरात तीनदा बसून थोडी जागा उरायचीच. का उरते, यावर पोरं दुपारभर भांडली. एकदा अंतरपाट धरला. अलीकडच्यानं मनात एक नियम धरायचा, पलीकडच्यानं आकडे सांगून तो ओळखायचा, आणि ओळखला की अंतरपाट दूर. जो उभा राहून "न्हाई पटत" म्हणेल त्याला सर खिशातून गूळ-शेंगदाणे द्यायचे. त्यावर थोडा खडू लागलेला असे, पण कुणी तक्रार केली नाही. शेवटी सर विचारायचे, "पटलं का?" आणि सगळी पोरं ओरडायची, "पटलं!" त्या ओरडण्यानं पारवे उडायचे आणि छताला एक चक्कर मारून परत कोनाड्यात बसायचे. अव्वा सगळ्यांना सुशीला करून घालायची. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना हळद-मिरचीची फोडणी, वरून शेंगदाणे आणि कोथिंबीर. तिच्या हाताला लग्नाचंच माप ठाऊक, त्यामुळं पोरं जाताना डबे भरून न्यायची आणि तरी रात्री आमच्या ताटात सुशीलाच असायची.

आता लातूर म्हटलं की लोकांना क्लासेस आठवतात. मुलं नीट रांगेत बसतात, नीट उतरवून घेतात, आणि कुणी "न्हाई पटत" म्हणालं तर मागचा पोरगा त्याला गप्प करतो, कारण पोर्शन राहतो. मी नाकं मुरडत नाही. माझी नातवंडंही त्यातूनच गेली. पण कधी कधी त्या इमारतींसमोरून जाताना इतक्या मुलांचा एकही आवाज बाहेर येत नाही, तेव्हा मला बरं वाटत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या आषाढात अक्का बी.एस्सी. झाली. निकाल नेहमीप्रमाणं उशिरा लागला, पहिल्या वर्गात. सरांचं म्हणणं होतं की तिनं नांदेडला जाऊन एम.एस्सी. करावं; प्रवेश अजून चालू होते, मुलींच्या वसतिगृहात जागा होती, आणि अशी पोरगी त्यांना इतक्या वर्षांत मिळाली नव्हती. पण त्याआधीच, उन्हाळ्याच्या शेवटी, आमच्या मामानं उदगीरचं स्थळ आणलं होतं. कापडाचं दुकान, घर आपल्यातलं, मुलगा सालस. अप्पांनी शब्द दिला होता: तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त, आपल्याच हॉलात. अप्पांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींसाठी तोरणं बांधलेल्या माणसाला आपल्या मुलीसाठी ती एकदा बांधायची होती. नांदेडचा विषय सरांनी काढला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सर, दिलेली तारीख हाय. पोरगी हुशार हाय हे मला बी दिसतंय. पर तारीख हाय."

अक्का अप्पांशी भांडली नाही. रविवारी सरांबरोबर पोरांना झगडा शिकवणारी माझी बहीण घरात तोंडातून शब्द काढत नव्हती. गाद्यांच्या चळतीवर पडून ती छताकडं बघत राहायची. "उदगीर वाईट न्हाई गं नंदे," ती एकदा म्हणाली. "मुलगा बी वाईट न्हाई. वाईट असता तर सोपं होतं. पर आत्ता कुठं मला दार दिसायलंय, अन् मी उंबऱ्यावरूनच वापस फिरायचं." मी म्हटलं, "मग सांग की अप्पांना. पटव." "कशी पटवू? ते न्हाई पटत म्हणतच न्हाईत. तारीख हाय म्हणतात." असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिच्या पायांवर गोधडी टाकली.

श्रावणात सरांनी ठरवलं की गावातल्या सगळ्या लोकांसाठी गणितावर एक व्याख्यान ठेवायचं. पोरं शिकतात, पण त्यांचे आईबाप बाहेरच राहतात, याची त्यांना खंत होती. "पर मी बोललो तर लोक म्हणतील, प्रोफेसर हाय, बोलणारच," ते म्हणाले. "गल्लीतली पोरगी बोलली तर ऐकतील. शैला बोलेल." अप्पांना हे फार आवडलं. लग्नाआधी पोरीचं कौतुक होतंय, होऊ दे. त्यांनी विचारलं, कार्यक्रम कसा करायचा. सर म्हणाले, साधा करू, एक फळा आणि एक माइक.

"साधा मला येत न्हाई सर," अप्पा म्हणाले. "कार्यक्रम म्हणलं की मला एकच येतो."

आणि तो त्यांनी केला. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, झेंडूच्या माळा, वर दिव्यांची झालर. अंगणात अव्वानं रांगोळी घातली. चातुर्मासात घरी बसून कंटाळलेले सनईवाले निरोप मिळताच धावत आले. व्यासपीठावर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या ठेवल्या. सर म्हणाले एकच ठेवा, पण त्या सुतारानं जोडूनच केलेल्या होत्या. दाराशी गुलाबदाणी, अत्तराची कुपी, आणि नेहमीसारखं अक्षतांचं ताट. त्या ताटावर मात्र सर अडले. "अप्पा, हे कामून?" अप्पांनी त्यांना शांतपणे समजावलं, "सर, मोकळ्या हाताचा माणूस चुळबुळ करतो, बाहेर जाऊन पान खातो. हातात तांदूळ दिले की मूठ धरून शेवटपर्यंत बसतो. इतकी वर्षं बघून राहिलो मी." सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पटलं."

श्रावणातल्या त्या रविवारी ऊन कलल्यावर सनई सुरू झाली, आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं ते घडलं. मुहूर्त नसलेल्या महिन्यात मंगल कार्यालयातून सनई ऐकू आल्यावर गल्ली दचकली. दुकानं अर्धी ओढून माणसं रस्त्यावर आली. तोरण दिसलं, झालर दिसली, आणि आत अव्वाच्या इरकल साडीत, नवरा-नवरीच्या खुर्चीत शैला बसलेली दिसली. झालं. निमंत्रण दिलं होतं त्यांतले थोडेच आले असते. न दिलेले सगळे आले, आणि रागावून आले. शेजारचे शिवलिंगकाका दारातच उभे राहिले. "पोरीचं लगीन काढलं अन् आम्हाला वास बी न्हाई? अन् चातुर्मासात? असली काय घाई झाली ओ वहिनी?"

अव्वा पार गोरीमोरी झाली. "लगीन न्हाई ओ भावजी. गणित हाय."

"म्हंजे नवरदेव गणिताचा मास्तर हाय का?"

तेवढ्यात उदगीरच्या मुलाची आत्या आली. ती लातुरातच राहायची, कुणी तरी तिला धावत जाऊन सांगितलं होतं. अंगानं थोराड, आवाजानं त्याहून मोठी. तिनं व्यासपीठाकडं एकदा बघितलं, शेजारची रिकामी खुर्ची बघितली, आणि कडाडली, "आमच्या पोराशी सोयरीक जमवून हे कुणाशी लगीन लावून राहिलात तुम्ही?" अप्पा हात जोडत पुढं झाले. लग्न नाही, व्याख्यान आहे, आपल्या सुनेचंच आहे, बसा, ऐका, असं म्हणत त्यांनी तिला बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसवलं. कुणी तरी तिच्या हातावर अत्तर लावलं आणि मुठीत अक्षता दिल्या. हॉल गच्च भरला होता. सगळ्यांच्या मुठी बंद होत्या, आणि सगळे नवरदेवाची वाट बघत होते.

अक्का उठली. माइकजवळ येताना तिनं पदर दोनदा सारखा केला, हे मला पहिल्या रांगेतून दिसलं. तिनं श्रोत्यांतून सहा जणांना वर बोलावलं, त्यांत शिवलिंगकाका पण होते. त्यांना गोल उभं केलं आणि दोन बंडलं दाखवली, एक लाल दोऱ्याचं, एक पिवळ्याचं. "लग्नात असते तशी माणसं समजा ही," ती म्हणाली. "कुणी ओळखीचं, कुणी अनोळखी. ज्या दोघांची ओळख हाय त्यांच्यामधे लाल दोरा बांधा, न्हाई त्यांच्यामधे पिवळा. कुणालाच सोडायचं न्हाई, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक दोरा. तुम्हाला पाहिजे तसे बांधा, मला चकवायला बांधा. मी पाठ फिरवून उभी राहते. न बघता सांगते, ह्या सहांत तिघं असे निघतीलच, की तिघांचे आपसात सगळे दोरे लाल, न्हाई तर सगळे पिवळे."

शिवलिंगकाका बोलले, "आमच्यात तर सगळ्यांचीच सगळ्यांशी ओळख हाय, लातुरात अनोळखी कुठून आणायचा?" हॉल हसला, आणि ते हसू अक्काच्या पाठीला लागलं, तिचे खांदे खाली आले. मग दोरे बांधायची धमाल सुरू झाली. खालून लोक ओरडून सल्ले द्यायला लागले, इथं पिवळा टाका, तो लाल काढा. नवरदेवाची कुणाला आठवण राहिली नाही. दोऱ्यांचं जाळं तयार झालं आणि लोकांनी शोधून बघितलं, तर एक पिवळा त्रिकोण सापडलाच. सोडून पुन्हा बांधलं, पुन्हा सापडला, या वेळी लाल. मग पहिल्या रांगेतून तो मोठा आवाज आला. उदगीरची आत्या उभी राहिली होती. "न्हाई पटत. दोनदा निघाला म्हणून दरवेळी निघंल कशावरून? अन् सहाच कामून? पाच माणसं घेतली तर?"

सर मागं भिंतीशी उभे होते. त्यांचा हात आपोआप खिशात गेला. अक्काचा चेहरा तर असा उजळला की मी पुढं तिला बऱ्याच आनंदाच्या प्रसंगी पाहिलं, पण तसा चेहरा पुन्हा दिसला नाही. तिनं एकाला खाली पाठवलं, पाच जण गोल उभे केले, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत लाल दोरा, आणि शेजारी नसलेल्यांत पिवळा. "बघा आत्याबाई, तुमचं बरोबर हाय. पाच जण सुटतात. त्रिकोण न्हाई." मग सहाव्याला परत बोलावलं, सगळे दोरे पुन्हा बांधून घेतले आणि आवाज हळू केला. "आता शिवलिंगकाकांना बघा. त्यांच्या हातात पाच दोरे. रंग दोनच. म्हंजे निदान तीन दोरे तरी एका रंगाचे असणारच." तिनं पारव्यांच्या कोनाड्यांकडं बघितलं; का, ते मला ठाऊक होतं. "समजा ते तीन लाल हायत. ते ज्या तिघांकडं गेले, त्यांच्यात कुणा दोघांमधे जरी लाल दोरा असला, तर काका धरून लाल त्रिकोण झाला. अन् त्यांच्यात एकबी लाल नसला? मग ते तिघं आपसात सगळे पिवळे. तीन पिवळे असते तरी हेच, नुसती रंगांची अदलाबदल. दोरे कसेबी बांधा, सुटायला जागाच न्हाई."

आत्या बोटांनी हवेत काही तरी मोजत होती. मग ती अगदी हळू म्हणाली, "हाव. न्हाई सुटत." अक्कानं विचारलं, "पटलं का?" आणि सगळी पोरं, त्यांच्या मागून सगळा हॉल ओरडला, "पटलं!"

तेव्हा बायकांतल्या एका म्हातारीनं, सवयीनं, मूठ उघडली. पिवळे तांदूळ अक्काच्या डोक्यावर पडले. पहिली पडल्यावर कोण थांबतंय? सगळ्या हॉलानं मुठी सोडल्या. अक्षता पडताना बघून सनईवाल्यांनी त्यांच्या सवयीनं सूर धरला, संबळ वाजला, पारवे उडाले. अक्का हातात खडू घेऊन त्या अक्षतांच्या सरीत डोळे मिटून उभी होती, एकटी, शेजारी कुणी नाही. तांदळातून लाल-हिरवा उजेड जात होता. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मला वाटलं, हे संपूच नये. मग अव्वाकडं लक्ष गेलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता. तिच्या ध्यानात आलं होतं काय झालं ते. मी आत्याकडं बघितलं. तिचीही मूठ उघडी होती, आणि तीत एक दाणा उरला नव्हता.

आत्या चहाला थांबली नाही. जाताना फक्त अक्काजवळ आली आणि विचारलं, "नांदेडला कितीक वर्षं असतंय हे शिक्षण?" अक्कानं सांगितलं, दोन. तिनं मान हलवली आणि गेली. त्याच आठवड्यात मामा तणतणत आला. उदगीरकरांनी नकार कळवला होता. मुलाच्या आत्यानंच सांगितलं होतं म्हणे: जिच्या अंगावर एकदा अक्षता पडल्या ती पोरगी सून म्हणून चालत नाही, अशुभ असतं. "तमाशा केला तुम्ही, दाजी," मामा म्हणाला. "आता कोण करंल तिला? सगळ्या गावानं बघितलंय."

अप्पा त्या हॉलात खुर्चीवर बसले होते. लग्न लागलं की ते तांदूळ लगेच झाडून घेत, पण या वेळी त्यांनी कुणाला झाडू लावू दिला नव्हता. पारवेच काय ते टिपत होते. त्यांनी फरशीवरचा एक दाणा उचलून बोटांत फिरवला. मग म्हणाले, "तोरण होतं. सनई होती. गाव बसलं होतं, अन् सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मी काय सांगून टाकायला लावल्या न्हाईत. आता ह्याला लगीन न्हाई म्हणायचं, तर मी जिंदगीभर हितं केलं ते काय होतं?"

"लगीन?" मामा ओरडला. "अन् नवरा कोण?"

"ते मला बी समजलं न्हाई," अप्पा म्हणाले. "पर घर नांदेडला हाय. पोरीची पाठवणी करावी लागंल."

खूप वर्षांनी, अप्पा अंथरुणाला खिळले होते तेव्हा, मी त्यांना विचारलं होतं: ते अक्षतांचं ताट तुम्ही मुद्दाम ठेवलं होतं का? मोकळा हात, चुळबुळ, पान, हे सगळं खरं. पण मुठीतले तांदूळ शेवटी कुठं जातात हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? ते माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "कार्यक्रम म्हणलं की मला एकच येतो." आणि ती आत्या खरंच अशुभाला घाबरली की तिला दुसरंच काही पटलं होतं, हेही मला कळलेलं नाही. अक्का नांदेडला शिकवायला लागली, सरांसारखीच मुदखेड-भोकर करत फिरली, आणि दर श्रावणात आमच्या हॉलात पोरं गोळा करत राहिली. अजूनही येते, गुडघे दुखतात म्हणते आणि दिवसभर उभी असते. सर बिलोलीला गेले, तिथंच वारले. तिचं लग्न झालं का, असं लोक विचारतात. झालं, पुढं, तिच्याबरोबर शिकवणाऱ्या एकाशी, रजिस्टर पद्धतीनं. अक्षता नव्हत्या. अव्वा म्हणाली, बरं झालं, दोनदा पडायला नकोत.

पाठवणी मात्र अप्पांनी रीतसर केली. अव्वानं अक्काला पाटावर बसवून ओटी भरली, तांदूळ, खोबऱ्याची वाटी, खण. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि बुंदीचे लाडू यांची शिदोरी बांधली, अर्थातच वसतिगृहाला पुरेल इतकी. पाठराखीण म्हणून पहिले काही दिवस मी बरोबर जाणार होते, म्हणून माझ्याही केसांत गजरा होता. सरांनी नांदेडची गाडी सुटायच्या आधी बसस्टँडवर गाठायचं कबूल केलं होतं. सनईवाले न बोलावता दारात येऊन वाजवत होते. गल्लीतल्या बायका उंबऱ्या-उंबऱ्यांत उभ्या राहिल्या, आणि सनई ऐकली की त्यांना रडू येतंच, तशा रडल्या. अप्पा रिक्षात सामान चढवत होते आणि कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. अव्वानं अक्काच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली आणि तिचा धीर सुटला. अव्वा तिच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. अक्काला हसू यायला लागलं होतं आणि रडूही.

"अव्वा, अगं लगीन का झालंय माझं? दिवाळीला येणारच हाय मी. सुट्ट्या असत्यात."

"सगळ्याच असं म्हणत्यात," अव्वा म्हणाली.